निरीक्षक क्रमांक एकोणीस आणि सासूबाई

मंगळवार, ४ एप्रिल

आज हवामान केंद्राकडून पत्र आलं. मी आता अधिकृत स्वयंसेवक निरीक्षक, क्रमांक एकोणीस. काम असं: वादळी ढग दिसला की त्याच्या मागावर निघायचं, सुरक्षित अंतर राखायचं आणि ढगाच्या पोटाखाली काय चाललंय ते फोनवर कळवायचं. रडारला ढगाचं वरचं सगळं दिसतं म्हणे, पण जमिनीलगतचं दिसत नाही. तिथे माणसाचेच डोळे लागतात.

पत्र मी उभं राहून मोठ्याने वाचलं. बायको प्राथमिक शाळेत खेळ शिकवते. ती बेसिनपाशी शाळेच्या शिट्ट्या साबणाच्या पाण्यात धूत होती. म्हणाली, "अहो, त्यांनी तुमच्या डोळ्यांचा नंबर विचारला का?"

मी म्हटलं, "नंबर त्यांनीच दिलाय. एकोणीस."

ती काहीच बोलली नाही. भारावली असावी.

इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही: दहा वर्षांचा असल्यापासून मला एकदा, फक्त एकदा, टोर्नेडो बघायचा आहे. ढगातून खाली उतरणारी ती सोंड. मी एकावन्न वर्षांचा आहे. सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय आणि या काळात माझ्या अंगावर धावून आलेल्या वस्तू म्हणजे विजेचे खांब, एक हातगाडी आणि पोस्टाची पेटी.

गुरुवार, ६ एप्रिल

अडचण आहे. एका हातात दुर्बीण, दुसऱ्या हातात फोन, मांडीवर नकाशा. मग गाडी कोण चालवणार? बायकोला शाळा. माझ्या विद्यार्थ्यांपैकी बेकरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सर, मला अजून चौक जमत नाही आणि तुम्ही मला वादळात नेताय?"

जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मी चालवते की."

सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडेच असतात. वय अडुसष्ट. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. शिकाऊ परवाना गेल्या आठवड्यातच हातात पडलाय. धडे अर्थात माझ्याकडेच चालू आहेत. हात बरा आहे, पण त्यांना अजून खूप शिकायचंय. सध्या मी एकच गोष्ट मनावर बिंबवतोय: दर पाच सेकंदांनी आरशात बघा.

दुसरा उमेदवार नसल्याने त्यांची नेमणूक केली. माझ्या बाजूलाही एक ब्रेक आहे, तेव्हा धोका नाही.

शनिवार, ८ एप्रिल

पहिली मोहीम! पश्चिमेला काळा ढग. मी "निघा!" म्हणेपर्यंत सासूबाई गाडीत बसून पट्टा लावून तयार. मागच्या काचेवर आमची पाटी आहे, 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा'. काच जवळजवळ सगळी झाकली जाते, पण जाहिरात म्हणजे जाहिरात.

धान्याच्या कोठारांपलीकडे मला सोंड दिसली! करडी, वळणारी, जमिनीला टेकलेली! केंद्राला फोन लावला. पलीकडे रडारवाले साहेब. आवाज गंभीर, शांत.

"क्रमांक एकोणीस बोलतोय. सोंड जमिनीवर!"

"फिरतेय का?"

"फिरतेय!"

"सरकतेय का?"

मी बघितलं. सरकत नव्हती.

सासूबाई स्टिअरिंगवरून म्हणाल्या, "जावईबापू, खाली चिमणी आहे. विटांचा कारखाना आहे तो."

साहेबांना ते ऐकू गेलं असावं. क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "गाडी कोण चालवतंय?"

मंगळवार, ११ एप्रिल

आकाश निरभ्र. समांतर पार्किंग शिकवलं. सासूबाईंनी पहिल्याच खेपेला लावली. योगायोग.

शनिवार, १५ एप्रिल

आज गारा झाल्या, लिंबाएवढ्या. पेट्रोल पंपाच्या छपराखाली आसरा घेतला. दुर्बीण काचेला टेकवून मी ढगाचा अभ्यास करत होतो. सगळं काळंच दिसत होतं, म्हणजे ढग फारच घनदाट असणार. वीस मिनिटांनी सासूबाईंनी दुर्बिणीचं झाकण काढलं.

केंद्राला गारांचा आकार कळवायचा होता, पण माझे हात अडकलेले. सासूबाईंनी फोन घेतला आणि तब्बल चाळीस मिनिटं माहिती दिली. मी पंपवाल्याला ढगांचे प्रकार समजावत होतो, त्यामुळे सगळं कानावर पडलं नाही. मधूनमधून "इश्श, काहीतरीच काय," असं ऐकू आलं. गारांच्या बाबतीत असं कशाला म्हणावं लागतं, कळलं नाही. तांत्रिक असेल.

बुधवार, १९ एप्रिल

वाईट दिवस. मी सोंड कळवली, ती पाखरांचा थवा निघाली. रविवारी कळवलेली होती ट्रकमागची धूळ. साहेब कधी नव्हे ते कडक बोलले. आणखी दोन चुका झाल्या तर क्रमांक परत करावा लागेल. "तुमच्या एका फोनवर मी अख्ख्या गावाचे भोंगे वाजवतो. लोक दुकानं टाकून, पोरं उचलून पळतात. तीनदा उगाच पळवलं तर चौथ्यांदा खरं असताना कुणी हलणार नाही."

घरी येताना मी दुर्बीण पिशवीत ठेवून दिली. मग सासूबाई म्हणाल्या, "ती पाखरं छान होती पण."

रविवार, २३ एप्रिल

आज स्वतःशी खरं बोलायचं ठरवलंय. मला भीती वाटते. टोर्नेडोची नव्हे, तो कधी दिसणारच नाही याची. आणि दुसरी त्याहून मोठी: तो समोर येईल आणि मी "पाखरं असतील" म्हणेन. घरात सगळे मला सांभाळून घेतात हे मला कळतं. बायको माझ्या डब्यात दोन उकडलेली अंडी जास्त घालते आणि म्हणते, "मोहिमेसाठी." चेहरा सरळ ठेवून म्हणते, पण मान वळवल्यावर खांदे हलतात.

शुक्रवार, २८ एप्रिल

केंद्राकडून खोकं आलं. आत पर्जन्यमापक, चकचकीत, काचेच्या नळीचा. चिठ्ठीत लिहिलंय, 'आपल्या पथकासाठी, आदरपूर्वक.' माझ्यावरचा विश्वास परत आला म्हणायचा! खोक्यावर नाव चुकून सासूबाईंचं पडलंय. सरकारी कामात असं होतंच. त्यांनी तो स्वतःच्या खिडकीबाहेर लावला आणि पाऊस नसतानाही दिवसातून दोनदा नळी पुसतात. शिस्त आवडली.

त्यांनी मोहिमेसाठी नवा केशरी स्वेटरही घेतला. केशरी रंग लांबून दिसतो. सुरक्षिततेचा विचार करणारा शिष्य मिळायला भाग्य लागतं. बायको मात्र स्वेटर बघून मला म्हणाली, "तुम्हाला खरंच काही दिसत नाही का हो?"

मी म्हटलं, "दिसतोय की. केशरी."

शनिवार, ६ मे

काल लिहिता आलं नाही, चष्मा नव्हता. आज जुन्या, एका काडीच्या चष्म्यातून लिहितोय. वाकलो की तो वहीवर पडतो. घडलं तसं सगळं लिहायचा प्रयत्न करतो.

काल, ५ तारखेला, दुपारी अडीच वाजता आम्ही शाळेच्या नैर्ऋत्येला सात किलोमीटरवर, शेतांमधल्या सरळ रस्त्यावर होतो. हवा जड, चिकट. ढगाचं पोट हिरवट झालेलं. सगळा वारा ढगाकडे ओढला जात होता. गवतसुद्धा तिकडेच झुकलेलं. पुस्तकात लिहिलंय तसं एकूण एक.

केंद्राला फोन लावण्याआधी मी सासूबाईंना गाडी फिरवून घराच्या दिशेने धरायला सांगितलं. परतीची वाट आधी मोकळी ठेवायची, हा नियम. त्यांनी तीन हिसक्यांत गाडी वळवली. ढग आता मागे होता आणि मागे आमची पाटी. मला काहीच दिसेना, म्हणून मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकलो आणि मागे वळलो.

टोपी गेली. पाठोपाठ चष्मा गेला.

माझा नंबर उणे नऊ आहे. चष्म्याशिवाय मला माझा हात दिसतो, पण बोटं मोजता येत नाहीत. मागे करडं होतं, वर करडं होतं आणि त्या दोन्हींच्या मधे जरा जास्त करडं होतं.

मी आत आलो. सासूबाई अगदी सहज म्हणाल्या, "जावईबापू, बाहेरच्या आरशात काहीतरी आहे."

"आरशात बघितलंत, शाबास. कोण आहे, ट्रक?"

"नाही. सोंड आहे."

मी केंद्राला फोन लावला. "क्रमांक एकोणीस. सोंड आहे."

साहेबांनी उसासा सोडला. "नीट बघून सांगा. चिमणी, पाखरं, धूळ, काही?"

आणि मला सांगता येईना. बघितलंच नव्हतं, तर काय सांगणार? तेव्हा सासूबाईंनी एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने माझ्याकडून फोन घेतला. नियमबाह्य आहे, पण मी काही बोललो नाही.

"साहेब, मी बोलतेय. आहे. जमिनीला टेकलीय. शाळेकडे सरकतेय."

"बरं," साहेब म्हणाले. एवढंच. अर्ध्या मिनिटात लांबून भोंगे सुरू झाले. सासूबाईंकडे कुठलाही अधिकृत क्रमांक नाही, हे नोंदवून ठेवतो.

मग मला आठवलं: शाळेत क्रीडादिन. दोनशे बारा मुलं मैदानावर, आणि लाउडस्पीकरवर कवायतीचं संगीत. भोंगा ऐकू जाणार नव्हता. बायकोला फोन केला, वाजत राहिला. फोन तिच्या पिशवीत असतो आणि पिशवी शिक्षकांच्या खोलीत.

"शाळा," मी म्हटलं.

"तिकडेच चाललेय," सासूबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "ब्रेकवरचा पाय काढा." माझा पाय माझ्या ब्रेकवर होता. कधी ठेवला, माहीत नाही. काढला.

त्या रस्त्याचं मला काही आठवत नाही, कारण मला काही दिसतच नव्हतं. टपावर गारा वाजत होत्या, आणि त्यांच्या मागून एक आवाज येत होता. पुस्तकात लिहितात, मालगाडीसारखा. मला तो प्रचंड मोठ्या माणसाने नाकातून श्वास घ्यावा तसा वाटला.

फाटकातून हॉर्न दाबतच आत शिरलो. मी उतरून धावलो आणि मुख्याध्यापिकेचा दंड धरून ओरडलो, "मुलांना आत घ्या!" ती हलेना. मी परत ओरडलो. तो झेंड्याचा खांब होता. खरी मुख्याध्यापिका मागून म्हणाली, "ऐकतेय मी! सगळे हॉलमध्ये चला!"

तेव्हा मी जो आवाज काढला तो सव्वीस वर्षं चौकात, चुकीच्या गिअरमध्ये अडकलेल्या माणसांवर काढलेला आवाज होता. "हॉल नाही! हॉलचं छप्पर मोठं, मधे खांब नाही, वारा शिरला की डब्याच्या झाकणासारखं उडेल! आतला बोळ! खिडक्या नसलेला!"

ती म्हणाली, "पण बोळ अरुंद आहे."

"म्हणूनच!"

बायकोने शिट्टी तोंडात घातली आणि अशी वाजवली की माझ्या दाढा हलल्या. दोनशे बारा मुलं बोळात जाऊन, भिंतीला तोंड करून, डोक्यावर हात घेऊन बसली. मला दिसत नव्हतं, म्हणून एकेका डोक्यावर हात ठेवत मोजत गेलो. दोनशे तेरा भरली. पुन्हा मोजली. दोनशे तेरा. शेवटचं डोकं म्हणालं, "मी मुख्याध्यापिका आहे."

सासूबाई सगळ्यात शेवटी आल्या. गाडी रेघेत लावून, हँडब्रेक ओढून. मग मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. दार मला आत ढकलत होतं आणि मी त्याला बाहेर. एक छोटी मुलगी माझ्या पँटची शिवण धरून विचारत होती, "काका, शर्यत परत होणार का? मी पुढे होते." मी म्हटलं, "होणार." तिने पाच वेळा विचारलं, मी पाच वेळा सांगितलं. मग आवाज गेला.

हॉलचं छप्पर नव्हतं. ते पलीकडच्या शेतात उलटं पडलेलं आहे म्हणतात. कुणालाही काही झालं नाही. एका मुलाचा दात पडला, पण तो आधीपासूनच हलत होता.

तर असं आहे सगळं. एक्केचाळीस वर्षं वाट बघितली. तो माझ्या मागे येऊन, बाजूने जाऊन, शेजारचं छप्पर उडवून निघून गेला. आणि मी त्याला बघितलं नाही.

सोमवार, ८ मे

वर्तमानपत्रवाला आला. "तुम्ही टोर्नेडो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलात, कसा होता?"

मी म्हटलं, "हत्तीच्या सोंडेसारखा."

खोटं. पुस्तकातलं. तो लिहून घेत होता, तेव्हा सासूबाई चहा ओतता ओतता थबकल्या, माझ्याकडे बघितलं आणि परत ओतायला लागल्या.

दिवसभर कुणी ना कुणी येतंय. बोळातल्या मुलांचे आईबाप. हातात हात घेतात, दाबतात, सोडत नाहीत. एक आडदांड गृहस्थ तर रडायलाच लागले. मी त्यांना ढगाच्या रचनेबद्दल सांगत होतो, त्यांचं लक्षच नव्हतं. लोकांना हवामानशास्त्रात रस नाही, हेच खरं.

बुधवार, १० मे

साहेब स्वतः आले, अधिकृत नोंदीचा फॉर्म घेऊन. मी त्यांना धिप्पाड, मिशाळ समजत होतो. निघाले बारीक, नीटनेटके, पांढऱ्या केसांचे, विधुर. आल्या आल्या त्यांनी पर्जन्यमापक बघायला मागितला. तो बघायला सासूबाई आणि ते वीस मिनिटं खिडकीशी उभे होते. नळी रिकामी होती.

मग फॉर्म. "सोंड कुठल्या दिशेने फिरत होती?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू तेव्हाच म्हणाले होते ना, घड्याळाच्या उलट. आणि बुडाशी तांबूस माती."

"वरची जाडी?"

"खाली दोरीएवढी, वर रुंद. यांनीच मला दाखवलं." आणि माझ्याकडे बघून, "हो ना?"

मी मान हलवली. साहेबांनी लिहून घेतलं आणि माझी सही मागितली. पेन हातात घेतलं. नवा चष्मा होता, सगळं स्वच्छ दिसत होतं. खालच्या ओळीवर छापलं होतं, 'मी हे प्रत्यक्ष पाहिले आहे.'

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, "साहेब, माझा चष्मा उडाला होता. मी काहीच बघितलं नाही. बघितलं ते यांनी. मी वर्तमानपत्रातही खोटं बोललो. क्रमांक परत घ्या."

बायको दारात उभी होती, तिने फडकं खांद्यावर टाकलं. साहेबांनी फॉर्म फिरवून सासूबाईंपुढे सरकवला. म्हणाले, "मला ते माहीत होतं. यांनी त्याच दिवशी फोनवर सगळं सांगितलंय, सविस्तर." 'सविस्तर' ऐकल्यावर सासूबाई स्वेटरच्या बाहीशी खेळायला लागल्या.

"मग फॉर्म कशाला आणलात?" मी विचारलं.

साहेब खाकरले. "काहीतरी कारण लागतं ना यायला."

माझा क्रमांक त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "बघणारे पुष्कळ मिळतात. कुठे लपायचं हे ओरडून सांगणारा एकच मिळाला." मला दिलासा द्यायला म्हणाले असतील. जाताना त्यांनी सासूबाईंना विचारलं, रविवारी केंद्रातलं रडार बघायला याल का. मी म्हटलं, "आम्हाला चालेल." बायकोने माझ्या पायावर पाय दिला. मुद्दाम नसावा.

रविवार, १४ मे

सासूबाई सकाळी दहाला रडार बघायला गेल्या, संध्याकाळी पाचला आल्या. रडार बरंच मोठं असणार.

चहा झाल्यावर मी वही घेऊन त्यांच्यासमोर स्वयंपाकघरात बसलो. दोन दिवस मनात घोळत होतं. म्हटलं, "मला सांगा. कसा होता? मी लिहून घेतो."

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग सावकाश सांगायला लागल्या, एक्स्चेंजमध्ये नंबर सांगत असतील तशा, मला लिहायला वेळ देत.

"आधी वाटलं, कुणीतरी शेतावर दोर सोडलाय. तो हलत होता, पण त्याला घाई नव्हती. मला वाटलं होतं चवताळलेला असेल. तसं नव्हतं. आपल्याच नादात होता. ओलं कापड पिळतात तसा पीळ होता त्याला, आणि पांढरा होता, जावईबापू, ऊन पडलं होतं कुठूनतरी त्याच्यावर. मग जमिनीला लागला आणि तांबडा होत वर चढला, टीपकागद शाई टिपतो तसा."

"पुढे?"

"रस्ता वळला तेव्हा तो तुमच्या बाजूच्या खिडकीत आला. तुमच्या कानामागे. कुणाचं तरी दार वर गेलं, चौकटीसकट. खूप वर गेलं आणि तिथे ते उघडलं. एकदा उघडलं, एकदा मिटलं. मला हसू आलं. तुम्हाला सांगावंसं वाटलं, बघा बघा. पण तुम्ही डोळे बारीक करून समोर बघत होता आणि सारखं म्हणत होता, चौथा गिअर टाका, चौथा टाका."

ते मला आठवत नव्हतं. लिहिता लिहिता थांबलो.

"मग टाकलात का चौथा?"

"टाकला की," सासूबाई म्हणाल्या. "मी तिसऱ्यातच ओढत होते. तुम्ही म्हणालात म्हणून पोचलो."